गाडी चालवताना व्होल्टेजचा काटा नाचला, शेवटी काय निघालं? (अनुभव धागा)

घाटवेडा
काल वारज्याच्या पुलावर पुढच्या व्हॅनचे दिवे मंद-तेज होत होते आणि ताम्हिणी आठवला. आमची जुनी डिझेल मिनीबस, मागे पलंग, शेगडी, १२ व्होल्टचा फ्रीज. भर पावसात घाट चढून येताना व्होल्टेजचा आकडा अंगात आल्यासारखा करायला लागला. १४.२, मग १२.९, परत १४. बायको म्हणे, बॅटरी गेली, पौडला नवी घेऊ. पौडच्या गॅरेजवाल्या काकांनी बॅटरीकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिन चालू, हेडलाइट-ब्लोअर सगळं लावलेलं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला. ०.९ व्होल्ट! तिथे ०.२ च्या वर जायलाच नको. इंजिनची अर्थिंगची पट्टी (ब्लॉकला मायनसशी जोडणारी) लगच्या, म्हणजे टोकाच्या बोल्टाच्या कडीच्या, आत हिरवी पडून चार तारांवर लटकत होती. पट्टी बदलली, बॅटरी अजून तीच आहे.
तुमचे किस्से लिहा. नुसतं "बॅटरी बदला" नको.

चिंचवडची_ताई
अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) फिरवणारा बेल्ट! पावसात सकाळी किंचाळायचा, दिराने लक्षच दिलं नाही. खंबाटकीत एसी लावला की १२.६. बेल्ट आतून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. बाकी नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

रात्रपाळी
गाडी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) असेल तर आधी घाबरू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) हुकमाने चालतो. चढावर चार्जिंग कमी, उतारावर पाय काढला की १५ च्या आसपास. तो बिघाड नाही. घोटाळा मागच्या, म्हणजे फ्रीज-दिव्यांसाठीच्या दुसऱ्या बॅटरीचा होतो. दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणाऱ्या साध्या रिलेवर ती धड चार्ज होत नाही, व्होल्टेज नीट करून देणारा डीसी-डीसी चार्जर लावावा लागतो. लिथियम असेल तर लावाच.

पिल्लूची_आई
मला एवढंच सांगा, फ्रीज रात्रभर चालू ठेवला तर सकाळी सेल्फ लागतो का?

रात्रपाळी
फ्रीज मागच्या बॅटरीवर असेल तर लागतो. पुढच्यावर असेल तर ढकलायला माणसं शोधा.

पिल्लूची_आई
😂 आमच्याकडे सासरे आहेत.

डेपोतले_काका
आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, म्हणून लिहितो. खड्ड्यात आदळली की चार्जिंगचा दिवा लुकलुकतो? डायनामोचे (म्हणजे अल्टरनेटरचे) कार्बन ब्रश बघा, झिजलेले असतात. पैशाने स्वस्त, पण मेकॅनिक अख्खा डायनामो गळ्यात मारतो. कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेला तर उलटं होतं: रेस वाढवली की १५ च्या वर, बॅटरीला सडक्या अंड्याचा वास, बल्ब उडतात. तसं झालं तर गाडी पुढे दामटू नका आणि बॅटरीजवळ विडी-काडी नको. आणि चालू इंजिनात टर्मिनल काढून डायनामो तपासायची जुनी खोड सोडा. आजच्या गाडीत ईसीयू जळतो.

मुठाकाठ
काका 🙏 आमच्याकडे वेगळंच. महाबळेश्वरला थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर आकडा थोडा वेळ वरखाली, मग आपोआप ठीक. हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन तापवणारे) इंजिन सुरू झाल्यावरही काही वेळ करंट खात होते.
अजून एक, लायटरच्या सॉकेटमधल्या मीटरवर विसंबू नका. त्या बारीक वायरमध्येच व्होल्टेज पडतं. बॅटरीच्या खुंट्यांवर मोजा. रात्रभर उभी असलेली, भरलेली बॅटरी १२.६ च्या पुढे, चालू इंजिनात साधारण १३.८ ते १४.४.

चिंचवडची_ताई
आले. हं, तर बेल्ट बदलल्यावरही थोडं डुलत होतं. टर्मिनलवर पांढरी भुकटी. गरम पाणी ओतलं, ब्रशने घासलं, व्हॅसलिन लावलं. झालं. दीर आता सगळ्यांना स्वतः शोधल्यासारखं सांगतो.

मुठाकाठ
दीर जातच तशी.

नवा_कॅम्परवाला
घाटवेडा, पौडचे काका नक्की कुठे? आणि त्या रस्त्याला मिसळ कुठे चांगली?

घाटवेडा
काकांचं व्यनि करतो. मिसळीवर इथे बोललो तर धागा हातातून जाईल.

नवा_कॅम्परवाला
बरं. अर्थिंगची पट्टी नाना पेठेत मिळेल?

डेपोतले_काका
मिळेल. जुनी काढून बरोबर न्या, लांबी आणि बोल्टाचं भोक दोन्ही जुळायला हवं. पट्टी जुनीपेक्षा बारीक घेऊ नका, सेल्फचा करंट तिच्यातूनच जातो.

नवा_कॅम्परवाला
आणि काका, गाडी कुठे लावू तिथे?

डेपोतले_काका
नाना पेठेत मिनीबस? रिक्षाने जा.