मदत हवी आहे : माळवदाचा गारवा हवा, त्याचे वजन नको

औसा तालुक्यात दिवाळीनंतर घर बांधायचे आहे. जुन्या घराच्या दोन हात रुंद भिंतींमुळे आणि पांढऱ्या मातीच्या माळवदामुळे (लाकडावर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छतामुळे) भर मे महिन्यातही आत गारवा असे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात अशीच जड माळवदे माणसांच्या अंगावर कोसळली, त्यामुळे आई तो विषयही काढू देत नाही, आणि तिचे बरोबरच आहे. सध्याच्या स्लॅबच्या खोलीत रात्री अकरालाही पश्चिमेच्या भिंतीला हात लावला की ऊब जाणवते.

नव्या घराची ती भिंत विटा उभ्या लावून, मध्ये पोकळी ठेवून बांधावी असा विचार आहे. कॉलम-बीमच्या सांगाड्यात अशी भिंत भूकंपाच्या दृष्टीने चालेल का? गच्चीवर चुना द्यावा की पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत? लातूर-धाराशिव भागात ज्यांनी हे केले आहे, त्यांनी कृपया अनुभव कळवावा.