उत्तर : राज्याभिषेक ते स्वातंत्र्यदिन, नेमके किती दिवस?

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक (६ जून १६७४) ते स्वातंत्र्यदिन (१५ ऑगस्ट १९४७) किती दिवस, या प्रश्नावर ९९,७८० दिवस असं उत्तर आलंय. गणितात चूक नाही, पण दोन तारखा दोन वेगळ्या कॅलेंडरांतल्या आहेत. तेव्हा मुंबईचे इंग्रज जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळत. पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ते कॅलेंडर स्वीकारल्यामुळे गोव्यातले पोर्तुगीज त्याच दिवशी १६ जून लिहीत होते! १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख ग्रेगोरियन आहे, त्यामुळे मोजायला १६ जूनपासूनच सुरुवात करायला हवी.

२७३ वर्षांचे ९९,६४५ दिवस, त्यात लीप वर्षांचे ६५ (१७००, १८००, १९०० वगळून, इथे बरेचजण घसरतात), आणि १६ जून ते १५ ऑगस्टचे ६०. एकूण ९९,७७०. दोन्ही टोकांचे दिवस धरायचे असतील तर आणखी एक.

पडताळा सोपा आहे, साताने भागा. बाकी ६ उरते. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, सहा दिवस मागे गेलं की शनिवार. इंग्रजी हिशेबाने राज्याभिषेकाचा वार तोच. ९९,७८० धरलात तर बुधवार येतो.

एक्सेलच्या नादी लागू नका, १९०० आधीच्या तारखा त्याला कळतच नाहीत. शिवाय १९०० ला तो लीप वर्ष समजतो, ते वेगळंच.