रॉयल चार्टर : किनारा जवळ होता म्हणूनच तर

भाऊंनी विचारलं की रॉयल चार्टर हे जहाज बुडालं तेव्हा किनारा इतका जवळ असून लोक वाचले कसे नाहीत, तर बाप्पा किनारा जवळ होता हाच तर लोचा होता न. शिडाच्या जहाजाला वादळात भर समुद्र परवडतो, वारा किनाऱ्याकडे ढकलायला लागला की संपलं. आता हे जहाज लोखंडी, शिडं मुख्य आणि इंजिन नुसतं मदतीला, १८५९ मध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं, त्यात खाणीत सोनं कमावून परतणारे लोक. वेल्सच्या अँगलसी बेटापाशी २५ ऑक्टोबरच्या रात्री वारा फिरून उत्तरेकडून यायला लागला, दोन्ही नांगर टाकले, मध्यरात्रीनंतर एकाची साखळी तुटली मग दुसऱ्याची. वारा धरू नये म्हणून डोलकाठ्यासुद्धा तोडल्या पण इंजिनात तेवढा दमच नाही. आधी वाळूत रुतलं, मग भरतीने उचलून खडकांवर आपटलं. साडेचारशेच्या आसपास लोक गेले. एक माल्टाचा खलाशी दोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागला म्हणून चाळीसेक तरी वाचले, त्यात बाई किंवा लेकरू एकही नाही.

आपण नागपूरकर, लाटा पाहायच्या तर फुटाळा तलावावर, पण मला यातलं पुढचं जास्त भारी वाटतं. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय तेव्हा ब्रिटनचं हवामान खातं सांभाळत होता, त्यानं या वादळानंतर पाठपुरावा करून १८६१ पासून बंदरांना तारेनं इशारे सुरू केले, मग वादळाची खूण म्हणून बंदरात खांबावर शंकूच्या नाहीतर ढोलाच्या आकाराची वस्तू चढवायचे. पेपरात अंदाजही त्याच वर्षी यायला लागला, लोकांनी टिंगल केली ते वेगळं.