'मॅट्रिक्स' या शब्दाचे इतके वेगवेगळे अर्थ कसे?

प्रश्न: गणितात मॅट्रिक्स म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्या, मग भूविज्ञानात आणि जीवशास्त्रात हा शब्द कशासाठी वापरतात, हे जाणकार सांगतील का?

उत्तर १: लॅटिनमधील 'मातेर' म्हणजे आई आणि त्यावरून आलेल्या या शब्दाचा अर्थ पुढे गर्भाशय असा झाला. खडकातील ज्या बारीक कणांच्या भागात स्फटिक किंवा जीवाश्म रुतलेला असतो, तो मॅट्रिक्स. आणि नखाच्या मुळाशी, त्वचेखाली, ज्या ऊतीतून नख वाढत राहते तिलाही हेच नाव आहे, जे मला सर्वांत समर्पक वाटते.

उत्तर २: छपाईचे खिळे ओतताना वापरला जाणारा, अक्षराचा ठसा असलेला साचाही मॅट्रिक्सच.

उत्तर ३: गणितातील अर्थही त्याच कुळातला आहे. एका मांडणीच्या पोटातून अनेक निश्चयक (संख्यांच्या चौरस मांडणीवरून ठरावीक रीतीने काढलेली एकेक संख्या) जन्म घेतात, म्हणून इंग्लिश गणितज्ञ सिल्व्हेस्टर यांनी १८५० मध्ये हा शब्द योजला.