लग्नाच्या डाळीचं बिल लावलं, मॅनेजर चुकला का?

गिरणाकाठ:
जळगावला आमची डाळ मिल. आजोबांनी सुरू केलेली, आता बाबा आणि दोन काका यांची भागीदारी. दीड वर्षापूर्वी माझ्या हट्टाने बाहेरचा मॅनेजर ठेवला. मागच्या महिन्यात धाकट्या काकांच्या पोराचं लग्न झालं. वरण-बट्टीचा बेत, म्हणून तूरडाळीचे 50 किलोचे 3 कट्टे मिलमधून गेले. मॅनेजरने काकांच्या नावे 18,000 चं बिल काढलं! काका म्हणतात, "स्वतःच्या मिलमधून डाळ नेली तर मी गिऱ्हाईक झालो का?" आता त्याला काढा म्हणून घर डोक्यावर घेतलंय. माझ्या मते बिल बरोबर आहे. कोणी किती नेलं हे आजवर लिहिलंच नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने जास्त नेलं.

सराफगल्ली:
हिशेबाला ना नाही, पण घरच्या लग्नाचं बिल? भाऊ, तुमच्या मॅनेजरला अडत्याकडून उधारीवर तूर कोणाच्या शब्दावर मिळते? काकांच्याच ना? हंगाम बुडाला की तो दुसरी नोकरी बघेल, पाटल्या मोडतील त्या काकू. आमच्याकडेही एक आला होता. लॅपटॉपवर तक्ते फार सुंदर दाखवायचा. मार्च उलटायच्या आत पुण्याला पळाला.

अमळनेरकर:
पाटल्यांचं खरंय. पण आमच्या गावाकडे बघा. 1945 साली अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. 1966 मध्ये वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी 21 वर्षांचे, स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून आले. तेव्हा घरचाच माणूस कामी आला. 2019 पासून मुलगा रिशद अध्यक्ष आहे, सीईओ मात्र बाहेरचा. मालकी घरात, कारभार पगारी माणसाकडे.

सराफगल्ली:
अमळनेरात ज्यांनी ते शेअर जपले त्यांचं तर विचारूच नका. पण तिथे सीईओ बदलायला संचालक मंडळ आहे. इथलं मंडळ म्हणजे ओट्यावर बसलेले तीन भाऊ, त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नसतील तर संपलंच.

बट्टीवाली:
मी अशाच घरची सून. बी.कॉम. आहे, जीएसटीचं रिटर्न मी भरते. भागीदारीपत्रात नाव दिराचं, ते दुपारी मिलवर झोपायला येतात. आयकरात वजावट मिळते ती काम करणाऱ्या भागीदाराच्या पगाराची; त्यांचं 'काम' फक्त कागदावर. तुम्ही घरचा की बाहेरचा यावर भांडताय, घरातच राबणारी बाई कोणाच्या मोजणीत नाही. असो. गिरणाकाठ, तुमचं भागीदारीपत्र काढून वाचा. उचल किती, पगार कोणाला, लिहिलंय का? आणि एक भागीदार गेल्यावर काय? करारात वेगळं काही नसेल तर कायद्याने फर्मच विसर्जित होते. हे मॅनेजरने ठरवायचं का?

गिरणाकाठ:
वाचलं. पिवळा पडलेला स्टॅम्प पेपर, उचलीबद्दल दोनच शब्द: "गरजेप्रमाणे घ्यावी." जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. आई वाढता वाढता म्हणाली, "कोणाच्या गरजेप्रमाणे?" कोणी मान वर केली नाही. नवीन करार करायला बाबा तयार आहेत, थोरले काका गप्प. धाकट्यांनी काल बिलावर सही केली, पैसे नंतर म्हणे.

सराफगल्ली:
भाव घाऊक लावलाय की किरकोळ?

गिरणाकाठ:
घाऊक. तेवढं कळतं त्याला.