मराठी वाचताना अडखळणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला काय द्यावं? (आमच्याकडे काय चाललं तेही सांगते)

वाकडी_मात्रा
आमच्याकडे दोन नग. धाकटी साडेचारची, थोरला नऊ पूर्ण. दोघंही इंग्रजी माध्यमात.

धाकटीचं झकास चाललंय, कारण वाचायचं काम माझं. माधुरी पुरंदरेंचा 'राधाचं घर' हा संच इतक्यांदा वाचलाय की डोळे मिटून म्हणेन. एक शब्द गाळला तरी बाईसाहेब पकडतात. 'बाबांच्या मिश्या' आणलं त्या आठवड्यात कॅलेंडरवरच्या लक्ष्मीसकट घरातल्या सगळ्या बायकांना मिश्या फुटल्या. विंदांचं 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' रात्री नको म्हणते आणि मागते मात्र रात्रीच.

गाडं अडलंय थोरल्याचं. इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं दोन दिवसांत फस्त करतो. मराठी येतं, पण जोडाक्षर आलं की गाडी पहिल्या गिअरवर. त्याच्या वेगाला झेपेल असं दिलं तर "हे बाळांचं आहे". त्याच्या डोक्याला रुचेल असं दिलं तर तिसऱ्या पानावर खूण घालून कपाटात. मी हौसेनं 'श्यामची आई' दिलं, तर म्हणाला, "आई, हे सगळे सारखे रडतात का गं?" मी गप्प.

नुसती यादी नको. मुलानं आपणहून परत मागितलेलं एखादं पुस्तक सांगा.

निरगाठ
अगं, फास्टर फेणे! भा. रा. भागवतांना पर्याय नाही. पण हातात देऊ नकोस, तू वाच. फुरसुंगीचा किडकिडीत बन्या सायकलवरून कुठल्या तरी भानगडीत शिरला, आता पकडला जाणार, अशा जागी पुस्तक उलटं ठेवायचं आणि "कुकर बघून येते" म्हणून उठायचं. मी परत येईपर्यंत आमच्या चिरंजीवांनी पुढची दोन पानं वाचलेली असायची. मग घरभर महिनाभर बन्याचं ते 'ट्टॉक्'.

एकच सांगते, गोष्टी जुन्या काळातल्या आहेत. एका गोष्टीत तो चीनच्या युद्धात थेट नेफाच्या आघाडीवर पोचतो. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल, इथून सुरुवात करून आमचा अर्धा तास नकाशातच गेला. वाया गेला असं मात्र वाटत नाही.

पेन्शनर_आजोबा
ताई, 'श्यामची आई' आत्ता बाजूला ठेवा, रागवू नका. आमच्या पिढीनं ते रडत रडत वाचलं, म्हणून नातवंडांनीही रडलंच पाहिजे असा हट्ट कशाला? बालभारतीचं 'किशोर' मासिक बघा. १९७१पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. नातू कोडी आधी सोडवतो, मग चित्रं बघतो, आणि गोष्ट नाइलाज म्हणून वाचतो. पण वाचतो.

खडू_फळा
मी शाळेत वाचनाचा तास घेते. निरगाठ, फास्टर फेणे (आपला फाफे) मलाही प्रिय, पण अडखळणाऱ्या मुलाला ती अख्खी पानं भिंतीसारखी दिसतात. यात मुलाचा दोष नाही. रोज वीस पानं इंग्रजी आणि आठवड्याला अर्धं पान मराठी, तर डोळ्याला जोडाक्षरांची सवय लागणार कधी? 'ष्ट' आणि 'ष्ठ' तो अजून अक्षर अक्षर लावून वाचत असणार.

आधी 'चिंटू' द्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची चित्रमालिका, पुस्तकरूपात मिळते. तीन-चार चौकटी, प्रत्येकीत एखाद-दुसरं वाक्य, आणि शेवटचं वाक्य वाचल्याशिवाय विनोद कळत नाही, म्हणून ते वाचावंच लागतं. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त फाटलेली पुस्तकं हीच. त्यानंतर 'तोत्तोचान', चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद. प्रकरणं छोटी, भाषा सरळ, आणि आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा म्हटल्यावर कुठलं मूल नको म्हणेल? फुकटात हवं असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चार पातळ्यांची मराठी पुस्तकं आहेत. त्याच्यासाठी तिसऱ्या पातळीपासून सुरू करा. (काही अनुवाद अगदीच कोरडे आहेत, आधी स्वतः चाळा.)

आणि खरा उपाय तुमच्या घरातच आहे. बाळांची पुस्तकं त्याला "वाच" म्हणून देऊ नका, "मला स्वयंपाक आहे, धाकटीला वाचून दाखव" म्हणून द्या. मोठ्या दादानं लहान बहिणीला वाचून दाखवण्यात कमीपणा नसतो.

निरगाठ
हे भारी आहे. फाफे सहा महिन्यांनी. माघार घेतलेली नाही, नोंद असावी.

घाटमाथा
पाचगणीकडे येणार असाल तर भिलारला थांबा, पुस्तकांचं गाव. घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचायचं. आमची कार्टी स्ट्रॉबेरीसाठी आली आणि पुस्तकांपाशी रेंगाळली. पुढे रहस्यकथांची चटक लागली तर सत्यजित राय यांचा फेलुदाही मराठीत आहे, अशोक जैन यांचा अनुवाद.

वाकडी_मात्रा
सगळ्यांचे आभार. खडूताई, रविवारी तुमचा उपाय करून पाहिला. मी कणीक मळायला घेतली आणि दादासाहेबांना 'पिशीमावशी' वाचायला बसवलं. पहिली दोन पानं सुरळीत, अगदी आवाज बदलून वगैरे. तिसऱ्या पानावर अडखळला, तर धाकटीनं पुढच्या चार ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. वर "तुला येत नाही का रे, दादा?" पुस्तक आपटून तो गॅलरीत.

'चिंटू'चे दोन भाग मागवलेत. तोवर धाकटीला पाठ नसलेलं, कमी शब्दांचं काहीतरी सुचवा. तिच्या नजरेआड ठेवायची जबाबदारी माझी.