मांद्र्यात अजून सहा खोल्या चढवाव्यात का? फॉरेनर परत येतील का?

पेडण्याची_भाची

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असते, आजोळ मांद्रे, पेडणे तालुका. मामाकडे आठ खोल्या आहेत, समुद्र चालत दहा मिनिटांवर. बरीच वर्षं त्याच्याकडे रशियन यायचे, नोव्हेंबरला आले की थेट मार्चमध्ये जायचे, त्यातली एक बाई तर मामीकडून सोलकढी करायला शिकून गेली आणि दर वर्षी येताना मामीसाठी लोकरीचं काहीतरी विणून आणायची. आता खोल्या शनिवार-रविवारी भरतात, सोमवारी रिकाम्या.

मामेभावाला कर्ज काढून वरचा मजला चढवायचाय, सहा खोल्या, सगळ्या एसी. त्याचं म्हणणं मोपाचा नवा विमानतळ आता अगदी जवळ आलाय, जरा धीर धरा, फॉरेनर येतीलच. मामा म्हणतो गेले ते गेले. आकडे बघितले तर २०१९ ला गोव्यात सुमारे ९ लाख ३७ हजार परदेशी आले होते आणि २०२४ ला सुमारे ४ लाख ६७ हजार, म्हणजे निम्मेच की, पण त्याच २०२४ ला आपले देशी धरून एकूण आकडा १ कोटीच्या वर गेलाय. मग गोवा वाईट झाला म्हणून आले नाहीत असं तरी कसं म्हणायचं? ही माणसं नेमकी कशामुळे येतात आणि कशामुळे यायची थांबतात हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी प्लीज लिहा, घरात रोज यावरून वाद चाललाय आणि कर्ज थोडंथोडकं नाहीये.

दर्यावर्दी

ताई, मी चार्टरच्या, म्हणजे टूर कंपन्या अख्खी भाड्याने घेतात त्या विमानांच्या, ग्राउंड हँडलिंगमध्ये (उतरलेल्या प्रवाशांची सोय बघायचं काम) १६ वर्षं काढली, दाबोळी विमानतळावर पाटी धरून उभं राहण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट, चार्टरवाला टुरिस्ट गोवा निवडायचा असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. तो उन्हाचे १४ दिवस विकत घ्यायचा. त्याच्या गावातला टूर ऑपरेटर विमान, हॉटेल, एअरपोर्टवरून नेणं-आणणं सगळं एका किमतीत विकायचा, आणि त्याच पानावर गोव्याच्या शेजारी इजिप्त असायचं, तुर्कस्तान असायचं, थायलंड असायचं. विमान इकडून रिकामं जात नसे, नवा लॉट उतरवायचा आणि दोन आठवड्यांपूर्वीचा लॉट घेऊन परत. हे चक्र ऑक्टोबर ते एप्रिल चालायचं. १९८५-८६ च्या सीझनला जर्मनीच्या काँडोर विमान कंपनीचं पहिलं चार्टर आलं तेव्हापासून हीच पद्धत.

आता या साखळीतली एक कडी तुटली की काय होतं बघा. २०१४ च्या शेवटी रशियाचं चलन रूबल डॉलरसमोर जवळजवळ निम्म्यावर आला, आमची रशियन बुकिंग धडाधड कॅन्सल झाली. गोव्यात त्या महिन्यात काहीच बदललं नव्हतं, तोच समुद्र, तीच हॉटेलं. मग ऑक्टोबर २०१५ ला सिनाईवर रशियन विमान पडलं, रशियाने इजिप्तची विमानं बंद केली, नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानशी बिनसलं, तिकडची चार्टर्सही बंद. पुढच्या सीझनला तेच लोक आमच्याकडे वळले. आम्हाला वाटलं आपलं मार्केटिंग चाललं!

ब्रिटिशांचंही तसंच. सप्टेंबर २०१९ ला इंग्लंडची थॉमस कुक बुडाली (भारतातली थॉमस कुक वेगळी कंपनी, तिचा त्याच्याशी संबंध नव्हता), सीझन सुरू व्हायला महिनासुद्धा नव्हता, गोव्यातल्या कितीतरी हॉटेलवाल्यांचे पैसे तिकडे अडकले. सहा महिन्यांत कोविड. त्यातून सावरतोय तोवर २०२२ च्या मार्चमध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांनी रशियातलं काम थांबवलं, म्हणजे तिकडच्या बँकेचं कार्ड इथे शॅकवर चालेना, माणूस आला तरी खर्च कसा करणार. आणि त्याच वर्षी ब्रिटिशांना ई-व्हिसा मिळत नव्हता, तो डिसेंबरमध्ये परत सुरू झाला, तोपर्यंत ख्रिसमस आलेला. बुकिंग करणारे तोवर दुसरीकडे गेले होते.

मामांना सांगा, त्यांचं काही चुकलेलं नाही.

कळंगुटकर_आबा

वर बरोबर लिहिलंय, फक्त त्याच्या आधीचंही एक सांगतो कारण आम्ही तेव्हा शाळेत होतो. हिप्पी लोक विमानाने फार कमी यायचे. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली असा बसने, मिळेल त्या गाडीने रस्ता धरायचे आणि थंडीला हणजुणे (अंजुना), कळंगुटला. सहा-सहा महिने राहायचे, विहिरीचं पाणी, मडक्यातला भात, भाडं अगदी थोडं. १९७९ ला इराणात क्रांती झाली आणि वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, रस्ताच मिटला. तेव्हाही लोक म्हणाले की आता संपलं.

मग १९८३ ला कॉमनवेल्थचे पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष शिकेरीला आग्वादच्या हॉटेलात आले, इंदिराबाई होत्या, थॅचरबाई होत्या, रस्ते झाले, फोन लागले, आणि दोन-तीन वर्षांत चार्टर. पण जे आले ते हिप्पी नव्हतेच ना! आमच्या आईने हिप्पींसाठी दोन खोल्या ठेवल्या होत्या, त्या चार्टरवाल्याला नको होत्या, त्याला बाथरूम आत हवं, स्विमिंग पूल हवा. ज्यांनी ओळखलं त्यांनी हॉटेलं बांधली. आम्ही हिप्पींची वाट बघत बसलो.

म्हणून बाई, परत येतील का हा प्रश्नच मला पटत नाही. येतील, पण वेगळे कोणीतरी येतील, आणि त्यांना मामांची खोली जशी आहे तशी चालेल की नाही हे बघा.

ठाण्याची_तिकीटबाई

मी ट्रॅव्हल एजंट आहे, म्हणजे उलट्या बाजूने बघते, आपल्या लोकांना बाहेर पाठवते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे गोवा मागणाऱ्यांतले निम्मेअधिक दुसऱ्या फोनला विचारतात, ताई त्यापेक्षा फुकेत किती पडेल? थायलंडने नोव्हेंबर २०२३ ला भारतीयांचा व्हिसा काढून टाकला आणि २०२४ ला आपले सुमारे २१ लाख लोक तिकडे गेले. व्हिसा म्हणजे नुसती फी नाही हो, कागद गोळा करणं, फोटो, धाकधूक, सासूबाईंचा पासपोर्ट संपलेला, हे सगळं गेलं की माणूस चटकन हो म्हणतो.

तेच रशियन किंवा जर्मन माणसाच्या बाजूने बघा. थायलंडने जुलै २०२४ मध्ये ९३ देशांना ६० दिवस बिनव्हिसा केलं. व्हिएतनामने ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांना ९० दिवसांचा ई-व्हिसा दिला, आणि रशिया, जर्मनी, ब्रिटनला ४५ दिवस काहीच नको. आपल्याकडे नोव्हेंबर २०१४ ला ऑनलाइन परवानगीची सोय झाली, तेव्हा ती मोठीच सुधारणा होती, पण बाकीचे पुढे निघून गेले. २०२४ ला थायलंडला साडेतीन कोटी परदेशी आले, अख्ख्या भारतात १ कोटीच्या आसपास. आणि जगात लोक फिरायचे कमी झालेत म्हणाल तर अजिबात नाही, १९५० ला अडीच कोटी लोक देशाबाहेर फिरले होते, २०१९ ला १४६ कोटी, कोविडने एकदम ४० कोटींवर आणलं आणि २०२४ ला परत १४० कोटी. माणसं आहेत, आपल्या दाराशी येत नाहीयेत.

शिरोड्याचा_पांडू

एवढा रशिया-इजिप्त कशाला? टॅक्सीवाला एअरपोर्टवरून किती घेतो ते बघा आधी. ॲपची टॅक्सी आली की आंदोलन. किनाऱ्यावर बाटल्या. फॉरेनर मूर्ख नाही.

दर्यावर्दी

पांडूशेठ, राग समजतो, टॅक्सी आणि कचऱ्याने परत येणारा माणूस तुटतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, जी जोडपी १५-१५ वर्षं येत होती ती याच तक्रारी सांगून बंद झाली. पण पहिल्यांदा येणाऱ्याला टॅक्सीचं काय माहीत? तो घरी बसून तिकीट, व्हिसा आणि पैसे एवढंच बघतो. दोन्ही दुखणी वेगळी आहेत, टॅक्सीचं औषध आपल्या हातात आहे, रूबलचं नाही.

आबा म्हणाले त्यावर एक सांगतो. पॅकेज मोडतंय. आता येणारा स्वतः साध्या विमानाचं तिकीट काढतो, खोली फोनवर बघतो, आणि लॅपटॉप घेऊन महिना-दोन महिने राहणारा एक वर्ग तयार झालाय. थायलंडने तर त्यांच्यासाठी २०२४ ला पाच वर्षांचा वेगळा व्हिसाच काढला, एका खेपेला १८० दिवस. अशा माणसाला पूल नको, त्याला इंटरनेट, इन्व्हर्टर, टेबल-खुर्ची आणि चहा करायला ओटा हवा. आणि बंगळूर-पुण्याचे आयटीवालेही हेच मागतात! म्हणजे खोली एकच, गिऱ्हाईक देशी असो वा परदेशी. सहा एसी खोल्या फक्त फॉरेनरच्या आशेवर बांधू नका. मोपा जानेवारी २०२३ ला सुरू झाला, दाबोळीवर नौदलामुळे सकाळी जे तास अडायचे ती अडचण तिथे नाही, हे चांगलंच आहे, पण धावपट्टी विमान उतरवते, ते भरत नाही.

पेडण्याची_भाची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल व्हिडिओ कॉलवर मामाला आणि भावाला आबांचं आणि दर्यावर्दींचं वाचून दाखवलं. मामा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की २०१५ ला तो आपल्या खोल्यांना रंग काढला नव्हता म्हणून गिऱ्हाईक गेलं असं समजत होता. मला एकदम भरून आलं. भाऊ सहावरून दोनवर आलाय, त्याही ओट्यासकट, आणि खालच्या आठांपैकी तीन खोल्यांत टेबल आणि इन्व्हर्टर आधी करायचं म्हणतोय, कर्ज एक तृतीयांश होईल. एक विचारायचं राहिलं, महिनाभर राहणारा फॉरेनर ठेवला तर कागदपत्रं काय लागतात? पूर्वी मामा नुसता रजिस्टरमध्ये नाव लिहायचा.

ठाण्याची_तिकीटबाई

नुसतं रजिस्टर चालणार नाही. परदेशी माणूस खोलीत आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) ऑनलाइन भरावा लागतो, पासपोर्ट आणि व्हिसाच्या माहितीसकट, एक रात्र राहिला तरी. त्यासाठी मामांचं लॉगिन आधी काढून ठेवा. गोव्याच्या पर्यटन खात्याकडे खोल्यांची नोंदणी आहे का बघा, आणि मजला चढवायच्या आधी जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्यात, येते का ते पंचायतीत विचारा आणि गोव्याच्या किनारी क्षेत्र प्राधिकरणाकडून लेखी घ्या, समुद्र दहा मिनिटांवर आहे म्हणालात म्हणून सांगतेय.

कळंगुटकर_आबा

आणि त्या लोकरवाल्या बाईला मामींनी एक निरोप धाडावा, दोन खोल्या होतायत म्हणून.